सहभाग शून्य

हे मी शांतपणे लिहिणार नाहीये. शांतपणे जे लिहायचं होतं ते लिहून झालं. 'महोदय, सविनय निवेदन की' असं सुरू करून, खाली 'आपली विश्वासू' म्हणून सही ठोकून पाठवूनही झालं. त्या अर्जांचं पुढे काय झालं ते आवक-जावक विभागातल्या उंदरांना माहीत. आता राग आलेला आहे आणि तो येतोय तसाच लिहिणार.

मी जळगावात एका कॉलेजात मराठी शिकवते. राहते पिंप्राळ्यात, स्कूटरवर जाते-येते, आणि माझा आवाज मोठा आहे. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर अधूनमधून येऊन आमचं दार लोटून घेतात. आमच्या संस्थेची कॉलेजं जळगावला आहेत, धुळ्याला आहेत. काही वर्षांपूर्वी या सगळ्यांचं मिळून एक विद्यापीठ झालं. म्हणजे काय झालं? प्राचार्यांच्या खोलीत एसी बसला आणि आम्हाला गळ्यात अडकवायला ओळखपत्रं मिळाली. वर्गातला पंखा होता तसाच घरघरत राहिला. मग एक दिवस धुळ्याला एक केंद्र उघडलं: अध्यापन, लेखन व डिजिटल अभ्यासक्रम सहाय्य केंद्र. नाव एवढं लांब की पाटी दारावर मावेना, ती बाजूच्या भिंतीवर गेली.

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा आनंद झाला होता. माझ्याकडे बाहेरून परीक्षा देणाऱ्या बायका होत्या. लग्न झालं म्हणून शिक्षण सुटलेल्या, आणि मुलं जरा मोठी झाल्यावर पुन्हा धीर केलेल्या. दर रविवारी एसटीने जळगावला यायच्या. एकीच्या कडेवर मूल, दुसरीच्या पिशवीत घरी न्यायचा भाजीपाला, तिसरीचं लक्ष घड्याळाकडे, कारण संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरात हजर पाहिजे. या बायकांना घरबसल्या शिकता आलं तर किती बरं, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून 'लेखनकौशल्य' हा माझा विषय ऑनलाइन करायचा ठरला, तेव्हा मीच सगळ्यांत आधी हात वर केला.

केंद्राचे समन्वयक म्हणजे एक तरुण सर होते. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन, आणि बोलणं इतकं गोड की भांडायला जागाच मिळू नये. मला याच माणसांचा जास्त राग येतो. उर्मट माणसाला निदान तोंडावर बोलता येतं.

प्रशिक्षणात ते म्हणाले, "मॅडम, विद्यार्थ्याचं लक्ष सहा मिनिटांच्या वर टिकत नाही."

मी म्हटलं, "माझ्या विद्यार्थिनी सकाळपासून उन्हं कलेपर्यंत कापूस वेचतात. त्यांचं लक्ष तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त टिकतं."

ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत केली. सहा मिनिटंच ठरली.

मग उद्दिष्टं लिहायची. मी लिहिलं, 'विद्यार्थिनींना वर्णन कसं करावं ते समजेल.' सर म्हणाले, 'समजेल' हे क्रियापद चालत नाही, समजणं मोजता येत नाही. 'यादी करू शकेल', 'ओळखू शकेल', असं काहीतरी लिहा. कपाळ माझं! उभा जन्म मी मुलांना समजावं म्हणून घसा फोडला आणि आता कळतं की समजणं चालतच नाही. तरी लिहिलं, 'ओळखू शकेल'. नवीन आहे, शिकून घेऊ, म्हटलं.

चित्रीकरणाला एक हिरवा पडदा लावलेली खोली होती. हात हलवू नका, मान तिरकी करू नका, मागेपुढे जाऊ नका. मी उभी राहून बोलले. माझी शिकवायची एक रीत आहे. मी प्रश्न विचारते आणि गप्प बसते. पार गप्प. वर्ग चुळबुळतो, कोणीतरी खाली बघतं, आणि मग एखादी हळूच बोलायला लागते. लेखन तिथून सुरू होतं. कॅमेऱ्यासमोरही मी तेच केलं. "तुमच्या घरात सगळ्यांत कमी कोण बोलतं? आठवा," असं म्हटलं आणि थांबले. तयार झालेला व्हिडिओ बघितला तर 'आठवा' म्हणतेय आणि पापणी लवायच्या आत पुढचं वाक्य. मधली सगळी शांतता कापून टाकलेली. विचारलं तर सर म्हणाले, "तिथे व्हिडिओ अडकल्यासारखा वाटत होता, मॅडम." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण गिळली.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या बायका. पारोळ्याच्या पुढे, धुळ्याच्या रस्त्याला एक गाव आहे, तिथल्या सहाजणी माझ्याकडे होत्या. एकाच गल्लीतल्या. सगळ्यांत मोठीला बाकीच्या अक्का म्हणायच्या; घरची पिठाची गिरणी ती आणि तिचा नवरा मिळून चालवतात. सगळ्यांत लहान जी होती तिला मी धाकटी म्हणते. तिचा नवरा केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर. रावेरकडून माल भरायचा आणि वर दिल्लीकडे जायचं. घरात सासू-सासरे, दोन लहान पोरं. दुसऱ्या वर्षाला असताना तिचं लग्न झालं होतं. आता शेवटच्या वर्षाला बसायला तिने सासऱ्यांना, म्हणजे आबांना, कसं पटवलं ते तीच जाणे. आबा म्हणाले होते, एक वर्ष देतो, पोरं आम्ही सांभाळतो, पण अभ्यासाच्या नावावर गल्लीत गप्पा कुटत बसलेली चालणार नाही. नवऱ्यानेही हो म्हटलं होतं. त्या एका वर्षावर तिचा सगळा डाव होता. बाकीच्यांना घरात कोणी विचारत नव्हतं, पण हिला रोज संध्याकाळी विचारलं जायचं, "आज काय शिकली?" आणि ती सांगायची.

विषयाचे सहा भाग. प्रत्येक भागात माझे व्हिडिओ, आणि शेवटी एक लेख लिहून पाठवायचा. उन्हाळ्याच्या तोंडावर सुरुवात झाली आणि एकेक लेख यायला लागला. पहिला अक्काचा आला. वाचून मी उडालेच. रविवारच्या वर्गात जी बाई चार ओळींत गळून जायची, तिने पानभर लिहिलं होतं, आणि त्यात बारकावे असे की एका माणसाला सुचावेत कसे! दुसऱ्या भागाचा दुसरीकडून आला, तिसऱ्याचा तिसरीकडून. धाकटीकडून 'घरातला सगळ्यांत कमी बोलणारा माणूस' आला. तिने नवऱ्यावर लिहिलं होतं. ट्रकवरून घरी आल्यावर पहिल्या दिवशी तो बोलतच नाही, कारण इतके दिवस इंजिनाच्या आवाजावर ओरडून त्याचा घसा बसलेला असतो. दुसऱ्या दिवशी फक्त भाजी कसली म्हणून विचारतो. तिसऱ्या दिवशी जरा मोकळा होऊन बोलायला लागतो, तेवढ्यात मालकाचा फोन येतो आणि गाडी भरायला जातो. मी खाली लिहिलं, 'फार चांगलं. असंच लिहीत राहा.' मराठीची मास्तरीण आणखी काय लिहिणार?

बाकीचे लेख मागे पडलेत असं मला वाटत होतं. विचारलं की उत्तर यायचं, "हो मॅडम, चालूच शे." कोणी किती पाहिलं हे मला दिसत नव्हतं. माझाच विषय, माझेच व्हिडिओ, पण तो तक्ता बघायचा अधिकार फक्त केंद्राला. मागितला तर म्हणाले, शिक्षकांना त्याची गरज नसते.

परीक्षा तोंडावर आली आणि समन्वयक सरांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या सहा विद्यार्थिनी लाल रंगात आहेत."

"लाल म्हणजे?"

"प्रत्येकीने एकच भाग पूर्ण केलाय. यांना परीक्षेला बसता येणार नाही."

मी दुसऱ्या दिवशी एसटी पकडून गावात गेले. कोणाच्याच घरी कोणी नाही. शेवटी एका पोराने वर बोट दाखवलं. अक्काच्या गच्चीवर सहाहीजणी होत्या. बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, चालले होते. आमच्या खानदेशात उन्हाळ्यात हे घरोघर असतं. ज्वारीचा घाटा मोठ्या पातेल्यात शिजवायचा आणि गरम आहे तोवर ओल्या कापडावर थापायचा. गार झाला की कामातून गेला. एकटीचं हे काम नाहीच. म्हणून गल्लीतल्या सगळ्या आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. जिच्याकडे काम, तिची ज्वारी, तिचं सरपण, तिचा चहा, आणि हात सगळ्यांचे. वर्षाचे बिबडे सगळ्यांच्या घरात जातात.

तर गच्चीच्या कोपऱ्यात पिठाच्या डब्याला टेकवून एक फोन उभा केलेला, आणि त्यात मी. हात न हलवता बोलतेय.

"मॅडम आल्या!" एकच गलका. मला पाट दिला, पाणी दिलं, गरम घाटा वाटीत तेल घालून दिला. मी म्हटलं, "अगं बायांनो, तुम्ही एकेकच भाग केलात? बाकीचे कधी करणार?"

अक्का माझ्याकडे बघतच राहिली. "बठ्ठा झाया ना मॅडम! सहाच्या सहा झाले."

"कुठे झाले? हिच्या नावावर एक, तिच्या नावावर एक."

"मंग! आज मनाकडे, सकाय तुनाकडे. पहिला माझ्या फोनवर, माझ्या नावावर. दुसरा हिच्या. एकच गोष्ट सहा फोनवर सहा वेळा कोण लावेल? नेट फुकट येतं का?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बिबड्यांची रीत त्यांनी अभ्यासाला लावली होती. जिचा भाग तिचा फोन, तिचं नाव, आणि डोकी सगळ्यांची. जिथे मी प्रश्न विचारत होते तिथे त्या व्हिडिओ थांबवायच्या आणि थापता थापता बोलायच्या, वाद घालायच्या. त्या समन्वयकाने कापलेली माझी सगळी शांतता या बायकांनी परत घातली होती! मग जिचा भाग ती रात्री बसून लिहायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवायची. धाकटीचा भाग तिचा नवरा घरी होता त्या आठवड्यात उरकून घेतला होता, कारण तिच्याकडे स्वतःचा फोन नाही. घरात एकच फोन, तो नवऱ्याचा, आणि तो नवऱ्याबरोबर ट्रकमध्ये फिरतो.

मी तिथेच त्यांची तोंडी परीक्षा घेतली. चौथ्या भागातलं हिला विचारलं, दुसऱ्यातलं तिला. एक चुकली तर दुसरी लगेच, "अगं तसं नाही." धाकटी तर माझंच उदाहरण खोडून तिचं चांगलं उदाहरण द्यायला लागली. पंचवीसेक वर्षं झाली शिकवतेय, असा वर्ग मला जळगावच्या कॉलेजात कधी मिळालेला नाही. मी हसत होते आणि आतून भडकलेही होते. कोणत्या तोंडाने यांना सांगू की तुम्ही लाल आहात?

तशीच उठले आणि धुळ्याची गाडी धरली. केंद्रात जाऊन सरांना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. चहा मागवला. म्हणाले, "छान आहे मॅडम, खूप इन्स्पायरिंग आहे. पण सिस्टीम व्यक्तीनुसार बघते."

"अहो, तुम्हीच आम्हाला प्रशिक्षणात 'एकमेकांसोबत शिकणं' असा अख्खा भाग दाखवला होता. गोल करून बसलेल्या मुलांचं चित्र होतं!"

"हो मॅडम, ते शिकवण्यात. नोंदीत नाही."

"मी तोंडी परीक्षा घेतलेली आहे. लिहून देते. सही करते."

"तुमच्या सहीला सिस्टीममध्ये जागा नाही, मॅडम."

हे वाक्य तो चहाचा कप माझ्यापुढे सरकवत बोलला. मी टेबलावर हात आपटला. चहा सांडला. बाहेरचा शिपाई आत डोकावला. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. छापलं तर माझ्यावरच खटला होईल. शेवटी एवढंच पदरात पडलं की शनिवार-रविवार पोर्टल पुन्हा उघडतील. प्रत्येकीने स्वतःच्या नावाने उरलेले भाग पूर्ण बघायचे आणि लेख टाकायचे. "माझ्या अधिकारात एवढंच आहे," म्हणाले. वर पुन्हा हसले.

शनिवारी मी गावात हजर. बायकांना सांगितलं, प्रत्येकीने आपापल्या घरी, आपापल्या फोनवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. अक्का म्हणाली, "पाहिलेलं पुन्हा पाहू?" मी म्हटलं, "लेख रात्री बसून लिहा. पण व्हिडिओ बघू नका, नुसतं चालू द्या." हो, हे मी म्हटलं, आणि मला त्याची काडीची लाज वाटत नाही. पाचजणींनी फडताळात फोन उभे केले, चार्जर लावले, दाराला कडी घातली आणि अक्काच्या गच्चीवर गेल्या, कारण घाटा शिजत होता. मी गल्लीतून चालत होते, तर प्रत्येक घरातून माझाच आवाज. 'तुमच्या घरात सगळ्यांत कमी कोण बोलतं? आठवा.' आणि ऐकायला घरात चिटपाखरू नाही. सहाजणी जीव ओतून शिकल्या तेव्हा लाल, आणि आता रिकाम्या घरात फोन बडबडत होते तर एकेक खूण हिरवी होत होती. हे आमचं विद्यापीठ!

राहिली धाकटी. तिला अक्काच्या मुलाचा फोन दिला. नाव टाकलं, तर ओटीपी नवऱ्याच्या नंबरवर जाणार. नंबर बदलायचा तर धुळ्याला अर्ज, आधारची प्रत, पंधरा दिवस. म्हणून नवऱ्याला फोन लावला. फोन लागायच्या आधीच ती टेप सुरू, सावध राहा, ओटीपी कोणालाही सांगू नका. कुठल्या मुहूर्तावर लावून ठेवलीय, देव जाणे. मग तो उचलायचा. तो कुठेतरी मध्य प्रदेशात गाडी चालवत होता. ती म्हणाली, "अहो, एक नंबर आला असेल, तो सांगा." तो म्हणाला, "कोण मागतंय?" ती म्हणाली, "मॅडम." झालं! त्याच गावात आदल्या वर्षी 'मी बँकेतून मॅडम बोलतेय' म्हणत कोणीतरी एका म्हाताऱ्याचं खातं साफ केलेलं. त्याने बायकोला झापलं. मी फोन घेतला. "भाऊ, मी तुमच्या बायकोची मॅडम बोलतेय, जळगावहून." त्याने फोनच बंद करून टाकला. आणि खरं सांगू, त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

रविवारी आबांनी स्वतः त्याच फोनवरून लेकाला फोन लावला. "ही खरी मॅडम शे, मनासमोर बशेल शे," असं सांगितलं. मग तो तयार झाला. पण इंजिनाची घरघर, मधेच रेंज जायची. आकडे यायचे ते अर्धे. आम्ही एक टाकला, चुकला. दुसरा पूर्ण ऐकू आला तोवर त्याची वेळ संपली. तिसरा टाकला तर पडद्यावर आलं, 'आपण अनेकदा चुकीचा क्रमांक टाकला आहे. चोवीस तासांनी प्रयत्न करा.' आणि पोर्टल त्याच रात्री बंद होणार होतं. मी सरांना फोन करत राहिले. रविवार होता, उचलला नाही. धाकटी रडली नाही. फोन पुसून अक्काच्या मुलाला परत दिला आणि म्हणाली, "पोरं भुकेजली असतील."

पाचजणी परीक्षेला बसल्या. धाकटी नाही. मी तिच्यासाठी अर्ज केले, सविनय वगैरे. म्हटलं, या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी बसवू, आबांना मी समजावीन. एक वर्षाचं दोन करायला मी त्यांच्या पाया पडले असते.

पण केंद्र गप्प बसतंय का? केंद्राने अभ्यासक्रम संपल्याचे मेसेज पाठवले. आपोआप, सगळ्यांना. पाचजणींना 'अभिनंदन!' धाकटीच्या नावाचा मेसेज अर्थातच नवऱ्याच्या फोनवर गेला. त्यात लिहिलं होतं, 'आपण या अभ्यासक्रमात निष्क्रिय राहिलात. आपला सहभाग शून्य नोंदवून आपलं नाव कमी करण्यात येत आहे.' तिने केलेला तो एक भाग, नवऱ्यावरचा तो लेख, तोही नोंदीत राहिला नाही. नाव कमी केलं की सगळंच पुसलं जातं म्हणे.

नवऱ्याने तो मेसेज कुठल्यातरी ढाब्यावर वाचला आणि अक्काच्या फोनवर फोन केला. बायकोला एकच विचारलं, "मंग तू रोज कोठे जाये?"

हे मला अक्काने सांगितलं. नापास, पुढचं वर्ष, हे सगळं बाजूलाच राहिलं. दोन महिने रोज दुपारी 'अभ्यासाला जाते' म्हणून पोरं सासूकडे टाकून घराबाहेर पडणारी सून, आणि विद्यापीठ तिच्या नवऱ्याला लेखी कळवतंय की हिने अभ्यास केलेलाच नाही. गावात याचा अर्थ काय होतो, ते त्या इस्त्रीच्या शर्टाला कोण सांगणार?

मीच सांगायला गेले. त्या दिवशी मी ओरडले नाही. म्हटलं, "सर, परीक्षा नको, मार्क नको. त्या नंबरवर एक मेसेज पाठवा. 'नोंदीत चूक झाली, हिने अभ्यास केला होता.' विद्यापीठाच्या नावाने. बास, एवढंच."

त्यांनी कॉम्प्युटरवर बराच वेळ खरोखर शोधलं. मग म्हणाले, "तसा मेसेज आमच्याकडे तयार नाही, मॅडम. तयार मेसेज तीनच आहेत. अभिनंदन, आठवण, आणि निष्क्रिय."

"मग नवीन लिहा! लेखन सहाय्य केंद्र आहे ना तुमचं?"

"त्याला समितीची मंजुरी लागते."

मी उठले. दार इतक्या जोरात लावलं की अख्खा व्हरांडा वळून बघायला लागला. तिथून सरळ गावात गेले.

नवरा घरी आला होता. ओसरीवर बसलेला, आबा शेजारी. मला खुर्ची दिली, मान दिला. मी सगळं सांगितलं. अक्काची गच्ची, सहा फोन, हिरवं-लाल, सगळं. शपथ घेतली. अक्कानेही येऊन सांगितलं. तो खाली मान घालून ऐकत होता. वाईट माणूस नाही तो. शेवटी म्हणाला, "तुम्ही म्हणता तर खरं असेल मॅडम. पण हे चुकीचं आहे असं विद्यापीठ लिहून देईल का?"

मी म्हटलं, "नाही देत."

आबा उठून गोठ्याकडे गेले.

धाकटी चहा घेऊन आली. कप माझ्या हातात देताना हळू आवाजात बोलली, पण त्या आवाजात राग होता, आणि तो माझ्यावरही होता. "मॅडम, मी नापास झाले असते ना, तर बरं झालं असतं. आबांनी अजून एकदा बसू दिलं असतं. नापास व्हायला निदान अभ्यास तरी करावा लागतो, हे त्यांनाही कळतं."

मग ती आत गेली. मी चहा प्याले आणि शेवटच्या एसटीने जळगावला आले.